उत्तरेकडचं लिंबू

ब्रिटनमध्ये फेब्रुवारीचा शेवट बागेसाठी फार ओढगस्तीचा असतो. हिरवळ चिखलात बसलेली, गुलाबाच्या नुसत्या काड्या उरलेल्या, आभाळ दिवसचे दिवस खाली उतरलेलं. अशा वेळी एखाद्या जुन्या घराच्या भिंतीला लागून वाढलेल्या काटेरी, वेड्यावाकड्या फांद्यांवर अचानक लालभडक फुलं दिसतात. झुडपावर पान नसतं. फुलांना देठ जवळजवळ नसल्यामुळे ती थेट काळ्या लाकडातून उगवल्यासारखी वाटतात. पाच जाड, किंचित वाटीसारख्या पाकळ्या आणि मधोमध पिवळ्या पुंकेसरांचा दाट झुबका. शेजारीपाजारी या झुडपाला नुसतं ‘जपोनिका’ म्हणतात. नर्सरीत ‘जपानी क्विन्स’ किंवा ‘फ्लॉवरिंग क्विन्स’ म्हणून मागितलं की मिळतं.

ऑक्टोबरात याच झुडपाखाली छोट्या सफरचंदाएवढी पिवळी, दगडासारखी टणक फळं पडलेली असतात. बहुतेक घरांत ती पाचोळ्याबरोबर गोळा होतात आणि बागेच्या कचऱ्यात जातात. हे पाहून मला खरंच हळहळ वाटते. फुलासाठी हे झुडूप लावायचं आणि फळ विसरायचं, म्हणजे ते अर्धंच लावायचं. थंड प्रदेशात जिथे लिंबू, चिंच, कोकम, कैरी यांपैकी काहीही अंगणात येत नाही, तिथे इतकं आंबट, इतकं सुवासिक फळ कुंपणावर फुकट येतं. त्यासाठी फक्त दोन-तीन गोष्टी वेळच्या वेळी कराव्या लागतात.

त्याआधी एक घोळ निस्तरायला हवा. बागांमध्ये ‘जपानी’ म्हणून मिरवणारी बरीच झुडपं मुळात चिनी आहेत.

कार्ल पीटर थुनबर्ग हा स्वीडिश वैद्य लिनियसचा शिष्य. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत तो 1775 मध्ये नागासाकीला पोहोचला. परदेशी माणसांना त्या काळी देजिमा या चिमुकल्या कृत्रिम बेटाबाहेर मोकळेपणाने फिरता येत नसे. जनावरांसाठी बेटावर चारा येई, त्यातून थुनबर्ग वनस्पती निवडून काढी. 1776 च्या वसंतात डच वकिलातीबरोबर एदोला, म्हणजे आजच्या टोकियोला, जाण्याची संधी त्याला मिळाली आणि वाटेत हाकोनेचा डोंगराळ भाग लागला. युरोपात परतल्यावर 1784 मध्ये त्याचा ‘फ्लोरा जापोनिका’ हा ग्रंथ निघाला. त्या वर्षी त्याने जपानच्या डोंगरातल्या एका बुटक्या, काटेरी झुडपाचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि त्याला ‘पायरस जॅपोनिका’ असं नाव दिलं. पायरस म्हणजे नासपतीचं कुळ.

पुढे 1796 मध्ये सर जोसेफ बँक्स यांच्यामार्फत लंडनच्या क्यू उद्यानात पूर्वेकडून एक लाल फुलांचं झुडूप आलं. ते थुनबर्गने वर्णन केलेलंच असणार असं सगळ्यांनी धरलं आणि ‘जॅपोनिका’ हे नाव त्याला चिकटलं. प्रत्यक्षात ती चीनमधली वेगळी, उंच जात होती. आज तिला ‘किनोमेलिस स्पेसिओसा’ म्हणतात. चूक पुढे वनस्पतिशास्त्रज्ञांच्या लक्षात आली, पण तोवर माळ्यांच्या तोंडी नाव पक्कं बसलं होतं. थुनबर्गचं खरं जपानी झुडूप ब्रिटनमध्ये आलं ते 1869 च्या सुमारास, ब्रिस्टलच्या मॉल यांच्या नर्सरीतून. तोपर्यंत त्याचं स्वतःचं नाव दुसऱ्याच्या नावे झालेलं, म्हणून 1874 मध्ये ते नवीनच वनस्पती म्हणून ‘पायरस मॉलेई’ या नावाने नोंदवलं गेलं. शास्त्रीय नावांचा हिशेब नंतर नीट लागला. लोकांच्या बोलण्यातला गोंधळ मात्र आजही तसाच आहे.

खरेदी करताना हा फरक उपयोगी पडतो. चिनी जात अडीच मीटरपर्यंत उंच होते, भिंतीला बांधली तर त्याहून वर चढते आणि पसरायलाही तिला भरपूर जागा लागते. जपानी जात, ‘किनोमेलिस जॅपोनिका’, जेमतेम एक मीटर उंच राहते आणि आडवी पसरते. फुलं बहुधा केशरी-तांबडी असतात. नर्सरीत पाटी विश्वासार्ह वाटली नाही, तर दोन वर्षं जुन्या फांदीवरून बोट फिरवून बघा. जपानी जातीच्या फांदीवर बारीक खडबडीत पुटकुळ्या हाताला लागतात, चिनी जातीची फांदी गुळगुळीत असते. पानाच्या कडाही बघाव्या. जपानीचे दाते बोथट आणि गोलसर, चिनीचे टोकदार. कोवळ्या फांदीवर दोन्हींच्या पानांच्या बुडाशी कानाच्या पाळीसारखी रुंद उपपर्णं असतात, आणि या कुळाची ओळख पटवायला तेवढी एक खूण पुरते.

या दोघींच्या संकरातून तयार झालेल्या वाणांना ‘सुपर्बा’ गटात घालतात, आणि बाजारात सर्वाधिक विक्री त्यांचीच होते. ‘क्रिमझन अँड गोल्ड’ हा गडद लाल पाकळ्या आणि सोनेरी पुंकेसरांचा, ‘पिंक लेडी’ हा गुलाबी, ‘जेट ट्रेल’ हा पांढरा. चिनी जातीच्या वाणांत ‘मोर्लूझेई’ची फुलं पांढरी-गुलाबी, सफरचंदाच्या मोहोरासारखी येतात, तर ‘तोयो-निशिकी’च्या एकाच झुडपावर पांढरी, गुलाबी आणि लाल अशी तिन्ही फुलं एकदम दिसतात. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना स्टेट युनिव्हर्सिटीने ‘डबल टेक’ ही बिनकाट्याची, भरगच्च पाकळ्यांची मालिका काढली. दिसायला ती फार देखणी आहे, पण तिला फळ धरत नाही. मी ती कुणाला सुचवत नाही. फळासाठी लावायचं तर जपानी जात किंवा तिच्यातून निवडलेला ‘सिडो’सारखा वाण घ्यावा. सिडोला काटे जवळजवळ नसतात, आणि तोडणी करताना हातांना ते लगेच जाणवतं.

आणखी एक नातं सांगायला हवं. काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारा बेहदाणा हे बिहीचं बी. बिही म्हणजे खरी क्विन्स, ‘सिडोनिया’ कुळातली. काश्मीर, इराण, तुर्कस्तानात तिची झाडं होतात. जपानी क्विन्स तिची चुलत बहीण. दोघी गुलाबाच्या मोठ्या कुटुंबातल्या आहेत, फळांचा वासही मिळताजुळता आहे, पण झाडं वेगळी आणि वागणूकही वेगळी. बिहीचा वृक्ष होतो आणि त्याला फुलं पान फुटल्यावर येतात.

थंडी हा या झुडपाचा खुराक आहे. फुलकळ्या आदल्या उन्हाळ्यातच, जुन्या लाकडावरच्या आखूड खोडक्यांवर तयार होतात आणि हिवाळाभर मिटून राहतात. पुरेसे आठवडे थंडीत गेल्याशिवाय त्यांची झोप पुरी होत नाही. ती एकदा पुरी झाली की मग उमलायला फारशी ऊब लागत नाही, म्हणून इतर झाडं अजून निजलेली असताना हे फुलतं. शून्याखाली वीस अंशांची थंडीही ते सहन करतं. पुणे-नाशिककडे किंवा कोकणात मात्र ही हौस करू नये. तिथे त्याला हवी तशी लांब थंडी कधीच मिळणार नाही. एडिंबरा, हॅम्बुर्ग, व्हँकुव्हर, सिअॅटल अशा ठिकाणी राहणाऱ्या मराठी घरांना ते डोळे झाकून लावता येईल.

कडक हिमाने कळीला फारसं काही होत नाही. उमललेलं फूल मात्र नाजूक असतं. एका रात्रीत पाकळ्या तपकिरी होतात आणि आतला स्त्रीकेसर काळा पडला की त्या फुलाला फळ धरत नाही. झुडपाचं शहाणपण असं की सगळ्या कळ्या एकदम उघडत नाहीत. पुढचे कित्येक आठवडे नव्या कळ्या फुलत राहतात, त्यामुळे एका वाईट रात्रीने हंगाम बुडत नाही. तरीही उताराच्या तळाशी, जिथे थंड हवा साचते, तिथे फळासाठी झुडूप लावू नये.

जागा उन्हाची निवडावी. पुस्तकं सांगतात की ते उत्तरेच्या भिंतीलाही चालतं, आणि ते खरं आहे, पण तिथे ते नुसतं जगतं. फुलं आणि फळं हवी असतील तर दिवसाचा निदान अर्धा भाग ऊन पडायला हवं. मातीबद्दल तक्रार करणारं हे झुडूप नाही. जड चिकणमातीत, दगडगोट्यांत, शहरातल्या निकस जागेत ते बसतं. पाणी साचलं तर मात्र मुळं कुजतात. चुनखडीच्या जमिनीत त्याला लोह मिळत नाही. मग पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. अशा जमिनीत कुजलेल्या पानांचं खत दरवर्षी घालावं. शेणखत किंवा नत्राची खतं सढळ हाताने घातली तर झुडूप पानांनी डवरतं आणि फुलं पानाआड दडतात. मूळ उघडं असलेली रोपं नोव्हेंबर ते मार्च या काळात लावतात, कुंडीतली केव्हाही चालतात. पहिली दोन वर्षं उन्हाळ्यात पाणी चुकवू नये. पुढे ते स्वतःची सोय बघतं. एकदा लावलं की हलवू नये. मुळांना ते मानवत नाही, आणि जमिनीत राहिलेल्या मुळाच्या तुकड्यातून जुन्या जागीही फुटवे येतात.

आता छाटणी. ‘आमच्या झुडपाला फुलंच येत नाहीत’ असं ज्यांच्याकडून ऐकू येतं, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांच्या हातात चुकीच्या वेळी कात्री असते. शरद ऋतूत बाग आवरताना हे झुडूप इतकं अस्ताव्यस्त दिसतं की हात शिवशिवतात. त्यावेळी सरसकट कापलं की पुढच्या वसंताच्या सगळ्या कळ्या कचऱ्यात जातात. मोठी छाटणी फुलं ओसरल्यावर, म्हणजे एप्रिल-मेमध्ये करायची. तेव्हा कापलेल्या जागी उन्हाळाभर नवं लाकूड तयार होतं आणि त्याच्या बुडाशी कळ्या भरतात.

भिंतीला लावलेल्या झुडपाचं तंत्र जरा निराळं असतं. मुख्य फांद्या पंख्यासारख्या पसरून तारांना बांधायच्या. फुलं सरली की बाहेर आलेल्या बाजूच्या फांद्या पाच-सहा पानं ठेवून खुडायच्या. हिवाळ्यात त्याच फांद्या दोन-तीन डोळ्यांवर आणायच्या, पण तेव्हा डोळा बघून कापायचं. फुलाचा डोळा गोल, फुगीर आणि टोकाला तांबूस असतो, पानाचा चपटा आणि फांदीला चिकटलेला. हा फरक जानेवारीत उघड्या डोळ्यांना स्पष्ट दिसतो. असं चारपाच वर्षं केलं की आखूड, गाठाळ खोडक्यांचे पुंजके तयार होतात आणि फुलं त्या पुंजक्यांवर ओळीने येतात. मोकळ्या झुडपाला एवढं काही नको. दरवर्षी सगळ्यात जुन्या दोन-तीन फांद्या जमिनीलगत काढल्या की आत उजेड आणि वारा जातो. दूर सरकलेले फुटवे मात्र मुळाशी जाऊन ओढून काढावे. वरवर कापलं तर एकाचे तीन होतात. हे सगळं जाड हातमोजे घालूनच करायचं. काटा म्हणजे इथे टोक अणकुचीदार झालेली आखूड फांदीच असते आणि ती बोटात मोडते.

फूल भरपूर आणि फळ नाही, अशीही तक्रार ऐकू येते. त्याला दोन कारणं आहेत. एक म्हणजे बहुतेक झुडपांना स्वतःचा पराग चालत नाही. जवळपास दुसरं वेगळं रोप हवं. त्याच वाणाचं कलम नव्हे, दुसरा वाण किंवा बीपासून वाढलेलं रोप. दुसरं कारण फुलात दडलेलं आहे. एका झुडपावर दोन तऱ्हेची फुलं येतात. काही पूर्ण असतात, काही नुसती नर. फूल हातात घेऊन बुडाशी बघावं. पूर्ण फुलाच्या पाकळ्यांखाली फुगीर पेला दिसतो, तेच पुढे फळ होणार. नर फुलात तो भाग निमुळता असतो आणि आत पाच टोकांचा स्त्रीकेसर सापडत नाही. ती फुलं गळणारच, त्यात झुडपाचा काही रोग नाही. परागीकरण मधमाश्या आणि नुकत्याच जाग्या झालेल्या भुंगेमाश्यांच्या राण्या करतात. एवढ्या लवकर त्यांना दुसरं खाणं फारसं मिळत नाही, म्हणून फुलण्याच्या दिवसांत झुडपावर औषध मारू नये.

तसं औषध मारायची पाळी क्वचितच येते. मावा येतो आणि जातो, खवले कीड जुन्या फांद्यांवर दिसली तर घासून काढावी. भीती एकाच रोगाची, अग्निकरप्याची. हा जिवाणूजन्य रोग सफरचंद-नासपतीच्या साऱ्या गोतावळ्याला होतो. शेंडा जळल्यासारखा काळा पडून आकड्यासारखा वाकतो. अशी फांदी रोगट भागाच्या बरीच खाली, निरोगी लाकडात कापायची आणि कात्री दर वेळी निर्जंतुक करायची. शेजारी सफरचंदाची बाग असेल तर यात हयगय नको.

फळं सप्टेंबर-ऑक्टोबरात पिकतात. हिरवी साल पिवळी होते, हाताला किंचित चिकट, मेणचट लागते आणि वास सुटतो. चार फळं बशीत ठेवली तर खोलीभर दरवळ राहतो. दात लावायला जाऊ नये. गर कडक, तुरट आणि इतका आंबट की तोंड वाकडं होतं. रसाचा पीएच साधारण 2.5 ते 2.8 असतो आणि आम्ल 3 ते 4 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे लिंबापेक्षा थोडं कमी. लिंबात सायट्रिक आम्ल असतं, इथे मुख्यतः मॅलिक, म्हणजे हिरव्या सफरचंदात असतं ते. ‘क’ जीवनसत्त्व मात्र लिंबाच्या रसाइतकं, बऱ्याच रोपांत त्याहून जास्त. शिवाय पेक्टिन भरपूर.

या फळाची खरी किंमत ओळखली ती बाल्टिक समुद्राकाठच्या लॅटव्हियाने. लिंबू बाहेरून आणावं लागणाऱ्या त्या देशात 1951 मध्ये अल्बर्ट्स टीत्स या फळतज्ज्ञाने जपानी जातीच्या बियांच्या रोपांतून मोठ्या, रसाळ फळांची झुडपं निवडायला सुरुवात केली. आज तिथे याच्या बागा आहेत, बाजारात सरबत आणि साखरेत मुरवून वाळवलेले काप मिळतात आणि लोक याला कौतुकाने ‘उत्तरेकडचं लिंबू’ म्हणतात. स्वीडनच्या बाल्सगोर्ड संशोधन केंद्रातही या फळावर काम झालं. माझ्या मते बागकामाच्या पुस्तकांनी या झुडपाला नुसतं शोभेच्या यादीत टाकून जे गमावलं, ते या शेतकऱ्यांनी भरून काढलं.

लॅटव्हियातली रीत सोपी आहे आणि मराठी स्वयंपाकघराला तिच्यात परकं काही वाटणार नाही. फळं धुऊन, चार फाका करून बियांचा कोठा काढायचा. सालीत वास असतो, म्हणून साल ठेवायची. पातळ काप आणि साखर समान वजनाने घेऊन काचेच्या बरणीत थरावर थर द्यायचे. शिजवायचं नाही. साखर कापांतला रस ओढून घेते, दोन-तीन दिवसांत काप पाकात तरंगू लागतात. रोज कोरड्या चमच्याने ढवळून बरणी थंड जागी ठेवावी. पंधरवड्याने पाक गाळून फ्रिजमध्ये ठेवला की तो टिकतो. गार पाणी, चिमूटभर मीठ आणि वेलदोड्याची पूड घातली की ज्याला कैरीच्या पन्ह्याची आठवण येते अशा माणसाचं समाधान होईल असं पेय बनतं. उरलेले काप मंद आचेच्या ओव्हनमध्ये वाळवले की पोरं ते बेदाण्यासारखे खातात.

जेली करायची तर फाका पाण्यात मऊ होईपर्यंत शिजवून फडक्यात बांधून रात्रभर टांगाव्या. पिळू नये, रस गढूळ होतो. साखर घालून उकळला की हा रस बाहेरचं काहीही न घालता घट्ट होतो, कारण पेक्टिन आणि आम्ल दोन्ही फळातच आहेत. रंग गुलाबीसर केशरी येतो. आमटीत किंवा माशाच्या कालवणात लिंबाच्या जागी रसाचे दोन चमचे चांगले लागतात, फक्त वास ओळखीचा नसतो. मला तो आवडतो.

बियांच्या बाबतीत एक सावधगिरी पाळायलाच हवी. एका फळात पाच कप्प्यांत मिळून पन्नासच्या वर बिया असतात. त्यांत अॅमिग्डालिन असतं, आणि बी ठेचलं किंवा दळलं की त्यातून सायनाइड सुटतं. बेहदाणा अख्खा भिजवून नुसता चिकट द्रव घेण्याची आपल्याकडे पद्धत आहे, पण तो बिहीचा. तो उपाय या बियांवर करून पाहू नये, आणि फळं मिक्सरला लावण्याआधी कोठा पूर्ण काढलेला असावा.

या बियांचं करायचं काय, तर पेरायच्या. ओलसर वाळूत मिसळून डबीत भरायच्या आणि फ्रिजमध्ये चार अंशांच्या आसपास दोन-तीन महिने ठेवायच्या, किंवा शरदातच कुंडीत पेरून कुंडी उघड्यावर हिवाळ्यात सोडायची. उंदरांपासून वाचवायला वर जाळी हवी. हाताशी असलेलं झुडूप जसंच्या तसं हवं असेल, तर खालची फांदी जमिनीत दाबून दाब कलम करावं किंवा मुळासकट फुटवा उपटावा. बीची रोपं मात्र आईसारखी निघत नाहीत. कुणाला काटे कमी, कुणाचं फूल फिकट, कुणाचं फळ लिंबाएवढं, कुणाचं त्याच्या दुप्पट. म्हणून कुंपणासाठी लावायची तर बियांचीच लावावी, एक-एक मीटरवर. परागाचा प्रश्न आपोआप सुटतो. तीन-चार वर्षांनी फुलं दिसू लागतात. मग दर ऑक्टोबरात फळं तोलून, कापून, वास घेऊन ज्या झुडपाचं फळ मोठं आणि कोठा लहान असेल त्याला फडक्याची पट्टी बांधून ठेवावी, आणि पुढची दाब कलमं त्याचीच करावी.